आडनाव आवश्यक आहे

बोईसरला तारापूर रस्त्यावर, एका वेल्डिंगच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, पाच टेबलं. खाली ग्राइंडर सुरू झाला की फोनवरचं बोलणं थांबवावं लागायचं. आजूबाजूच्या कारखान्यांना लागणारी लहानमोठी सॉफ्टवेअर आम्ही करून द्यायचो: हजेरी, स्टोअरमधला माल, गेटवरून आत-बाहेर होणाऱ्या गाड्या. मी एडवणची. घरी केळीची आणि पानवेलींची वाडी. पालघरच्या कॉलेजात संगणकाची पदवी घेतली आणि सहा महिन्यांत इथे लागले. ऑफिस चालवणारे गृहस्थ स्वतः प्रोग्रामर होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो.

पहिल्या वर्षात मी जे कोड लिहिलं ते आज कोणाला दाखवणार नाही. एक फॉर्म म्हणजे एक लांबलचक फाइल. नाव रिकामं असेल तर हा संदेश, फोन नंबर दहा आकडी नसेल तर तो संदेश, अशी अटींची रांग. दुसरा फॉर्म करायची वेळ आली की तीच रांग उचलून तिथे चिकटवायची. एकदा फोन नंबरच्या अटीत चूक सापडली. ती मी सात ठिकाणी दुरुस्त केली आणि आठवं ठिकाण राहिलं. त्या दिवशी सर खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले.

"फॉर्ममधला प्रत्येक रकाना ही एक वस्तू आहे असं समज," ते म्हणाले. "आपल्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्या रकान्याला स्वतःलाच माहीत हवं. तू बाहेरून अटी घालत बसू नकोस. त्याला विचार, बाबा, तू नीट भरला गेलास का? तोच सांगेल."

मला ते पटकन कळलं आणि फार आवडलं. पुढचे दोन महिने मी त्याच नादात होते. सगळ्या रकान्यांसाठी मी एक मूळ क्लास लिहिला. क्लास म्हणजे साचा. त्या मूळ साच्यातून नावाचा, तारखेचा, फोनचा असे वेगवेगळे साचे काढले. मूळ साच्यात जे लिहिलं ते बाकीच्यांना आपोआप मिळायचं, आणि ज्याला काही वेगळं हवं त्याने आपल्यापुरतं बदलून घ्यायचं. भरलेला फॉर्म सर्व्हरवर आला की तो आपल्या रकान्यांना एकेक करून विचारायचा. एकानेही नाही म्हटलं तर काहीही साठवलं जायचं नाही, लाल अक्षरांत कारण लिहून फॉर्म परत जायचा. नाकारलेल्या फॉर्मची नोंद मी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवत होते, कुठे काय अडतं ते मला कळावं म्हणून. तिला आम्ही लॉग म्हणायचो.

मूळ साच्यात एक ओळ होती: रकाना भरणं आवश्यक. रिकामा सोडायची मुभा द्यायची असेल तर ती मुद्दाम लिहून द्यायला हवी. मला ते शिस्तीचं वाटलं. सरांनीही मान डोलावली.

हा साचा वापरून मी पहिलं मोठं काम केलं ते एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्याचं. तिथे ठेकेदारांची माणसं रोज बदलायची. त्यांची नावं गेटवरच्या जाड रजिस्टरमध्ये हाताने लिहिली जायची. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी मूळचे सांगलीकडचे, शांत आणि नेमकं बोलणारे. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "मॅडम, मला बाकी काही नको. सायरन झाला की आत कोण आहे याची यादी एका मिनिटात हातात हवी. रजिस्टर चाळत बसायला तेव्हा वेळ नसतो."

त्यांनी दिलेल्या कागदावर फक्त एवढंच होतं: नाव, वय, गाव, फोन, ठेकेदार. मी त्याचा फॉर्म केला. नावाचे दोन रकाने केले, नाव आणि आडनाव, कारण आयुष्यात भरलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये मी ते तसेच पाहिले होते. वयाऐवजी जन्मतारीख घेतली, कारण वय दरवर्षी बदलतं. दोनदा नोंद होऊ नये म्हणून एक तपासणी घातली: नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळली तर 'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे' असं सांगून फॉर्म परत. नोंद झाली की त्या माणसाला नाव आणि क्रमांक छापलेलं कार्ड मिळायचं. ते मशीनला लावून आत जायचं, लावून बाहेर यायचं. कार्डावर फोटो येणार होता, पण कॅमेरा मागवायचा राहिला होता, म्हणून फोटोच्या रकान्याला मी तेवढी मुभा दिली.

गेटच्या ऑफिसात नोंदी करायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, दातिवऱ्याच्या. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणायचा. वीसेक वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी रजिस्टर लिहिलं होतं. कीबोर्डवर त्यांची दोनच बोटं चालायची, पण चुका कमी. मी दोन दिवस त्यांना शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "तुजा हा मशीन लई प्रश्न इचारतो गो. आमी तं तोंड बगून लिवायचो."

"मावशी, सवय होईल," मी म्हटलं.

महिन्याभराने मी डेटाबेस उघडून पाहिला. आडनावाच्या रकान्यात जागोजागी टिंबं होती. नुसतं एक टिंब. मला राग आला तो आधी मावशींचा. नंतर स्वतःचा, कारण टिंब चालतं ही माझ्या तपासणीतली फट होती. मी आडनावाच्या साच्यात दोन ओळी वाढवल्या: निदान दोन अक्षरं हवीत आणि अक्षरांशिवाय दुसरं काही चालणार नाही. पाच मिनिटांचं काम. कोड सर्व्हरवर चढवलं आणि गेटवर फोन करून सांगितलं, "मावशी, आता टिंब चालणार नाही हं."

पलीकडून मावशी म्हणाल्या, "बरा."

टिंबं कोणाची आहेत हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. जव्हारकडून, विक्रमगडकडून येणाऱ्या काही बायका खिडकीत एवढंच नाव सांगायच्या. त्यांच्या पाड्यांवर मुलगी ज्या वारी जन्मली त्या वारावरून नाव ठेवतात. आडनाव कुठल्या तरी कागदावर असतं, पण कागद घरी, आणि खिडकीत उभं राहून ते सांगायची त्यांना सवय नसते. मावशींनी टिंब दिलं होतं ते त्यांच्यासाठी.

त्यानंतर चारेक महिन्यांनी ती सकाळ आली. यादी छापायचा नवा प्रिंटर बसवायला मी कारखान्यात गेले होते. मावशी रजेवर होत्या. दातिवऱ्याला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. खिडकीत एक सुरक्षारक्षक बसला होता. अकरा वाजून गेले असतील. मी प्रिंटरची वायर जोडत होते आणि सायरन झाला.

मी आधी कधी तो इतक्या जवळून ऐकला नव्हता. आतल्या बाजूला, टाक्यांच्या पलीकडे, पांढरी वाफ दिसत होती. आम्लाच्या पाइपचा सांधा सुटला होता. माणसं तोंडावर रुमाल, पदर धरून गेटजवळच्या मोकळ्या जागेकडे येत होती. वारा गेटकडून आत वाहत होता म्हणून आम्ही बरे होतो. सुरक्षा अधिकारी धावत खिडकीशी आले.

"मॅडम, यादी!"

वायर खोचून मी बटण दाबलं. दोन पानं खरखरत बाहेर आली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला समाधान वाटलं.

अधिकारी एका दगडी कठड्यावर चढून नावं घ्यायला लागले. माणसं ओ देत होती, ते नावापुढे खूण करत होते. काही जण घाबरून मागच्या गेटने रस्त्यावर गेले होते. ते एकेक करून फिरून येत होते, त्यामुळे नुसती डोकी मोजून काही कळलं नसतं. दोन्ही पानं संपली. एक नाव उरलं. एका बाईचं.

त्यांनी ते परत घेतलं. मग आणखी मोठ्याने. कोणीच ओ दिली नाही.

"कार्ड आत लागलेलं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी स्क्रीन बघितली. "सकाळी आठला आत. बाहेर नाही."

"कोणत्या ठेकेदाराची? कुठे कामाला होती?"

मी ठेकेदाराचं नाव सांगितलं. त्या ठेकेदाराच्या बायका त्या आठवड्यात टाक्यांच्या मागे साफसफाईला होत्या. म्हणजे जिथे वाफ होती तिथेच. अधिकाऱ्यांनी कोणाला आत जा म्हटलं नाही. ते अग्निशमनची गाडी किती लांब आहे ते फोनवर विचारत होते. तेवढ्यात देखभाल विभागातला एक फिटर पुढे आला. उत्तर प्रदेशातला, बोईसरला पंधरा वर्षं राहिलेला, चाळिशीचा माणूस.

"साहब, मैं जाता हूँ. उधर का रास्ता मुझे मालूम है."

"गाडी येतेय. थांबा," अधिकारी म्हणाले.

"औरत अंदर है, साहब," तो म्हणाला आणि वायूपासून बचावाचा मुखवटा चढवायला लागला. अधिकाऱ्यांनी त्याच्या कमरेला दोर बांधला, हातात वायरलेस दिला आणि तो आत गेला.

मी खिडकीत परत आले. मला काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी त्या बाईची नोंद उघडली. फोनच्या रकान्यात ठेकेदारासाठी बायका आणणाऱ्या मुकादमाचा नंबर होता. मी तो लावला. मुकादम त्या दिवशी पालघरला होता.

त्याने आपलं नाव सांगितलं, मी त्याला त्या बाईचं नाव सांगितलं.

"ह्या नावाची बाई माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

"अहो, तुमच्याच आडनावाची आहे. तुमची नात्यातली असेल."

"माझ्या नात्यातली कोण कामाला येणार? माझ्याकडे सगळ्या जव्हारच्या बाया आहेत."

फोन कानाशी धरून मी त्या ठेकेदाराची बाकीची नावं काढली. अकरा बायका. अकराही जणींचं आडनाव मुकादमाचं. सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी, फक्त साल वयाप्रमाणे मागेपुढे. नाव खोटं, आडनाव खोटं, तारीख खोटी, नंबर दुसऱ्याचा. त्या नोंदीत खरं असं काही असलंच तर ते एकच होतं: कार्डाचा क्रमांक. तो फॉर्मने कोणाला विचारला नव्हता, तो मशीनने दिला होता.

मी क्रमांक तळहातावर लिहिला आणि बाहेर धावले. त्या बायका एका बाजूला भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. मी एकेकीच्या गळ्यातलं कार्ड उलटून बघायला लागले. सातव्या का आठव्या बाईच्या गळ्यात तो क्रमांक होता. पंचविशीची असेल. डब्याची पिशवी पोटाशी धरून बसली होती.

मी कार्डावरचं नाव वाचून दाखवलं. "हे तुमचं नाव?"

"नाय," ती म्हणाली. "ह्यो माजा नाव नाय." आणि तिने तिचं नाव सांगितलं. एका वाराचं नाव.

"मग साहेब एवढ्या हाका मारत होते..."

"माजा नाव एकदाच घेतला. तवा हिनं ओ दिली." तिने शेजारच्या बाईकडे बोट केलं. शेजारची हसली. तिचंही नाव तेच होतं.

मी तिथूनच ओरडले, "साहेब, बाई इथे आहे! बाहेरच आहे! त्यांना परत बोलवा!"

अधिकाऱ्यांनी वायरलेसवर सांगितलं. आतून उत्तर यायला वेळ लागला. टाक्यांच्या मागे त्याला बादल्या आणि झाडू पडलेले दिसले होते. बाई जवळपासच पडली असेल असं समजून तो एकेक कोपरा बघत होता. मुखवट्याला लावलेला, हवा गाळणारा डबा संपत आला होता, तरी तो अजून एक फेरी मारायला वळला होता. दोर ओढत ओढत तो बाहेर आला, मुखवटा काढला आणि जमिनीवर बसून खोकायला लागला. खोकला थांबेना. रुग्णवाहिकेत घालताना त्याने अधिकाऱ्यांचा हात धरून विचारलं, "मिली?"

"मिल गई," अधिकारी म्हणाले. "ठीक है वो."

त्याला चार दिवस दवाखान्यात ठेवलं. बाकी कोणाला काही झालं नाही. सांधा दुपारपर्यंत बंद झाला.

त्या संध्याकाळी ऑफिसात परत आल्यावर मी लॉगची फाइल उघडली. त्या बाईची नोंद ज्या सकाळी झाली तिथपर्यंत मागे गेले. सगळं तिथे होतं, वेळेसकट. मावशींनी आधी खरं नाव टाकलं होतं, आडनाव रिकामं. उत्तर: आडनाव आवश्यक आहे. मग आडनावात टिंब. उत्तर: किमान दोन अक्षरे हवीत. मग दोन टिंबं. उत्तर: फक्त अक्षरे चालतील. मग मुकादमाचं आडनाव. उत्तर: ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. कारण त्याच नावाची, त्याच वयाची शेजारची बाई दहा मिनिटांपूर्वी त्याच आडनावाने आत गेली होती आणि दोघींनाही एक जानेवारी मिळाली होती. मावशींनी तेच पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पुन्हा तेच उत्तर. सहाव्या वेळी पहिलं नाव बदललेलं होतं आणि फॉर्म स्वीकारला गेला. सहा वेळा विचारून माझ्या साच्याने पाच खरी किंवा निरुपद्रवी उत्तरं नाकारली होती आणि एक धडधडीत खोटं पास केलं होतं.

मी मूळ साच्यातली ती ओळ बघितली. आडनाव आवश्यक आहे असं त्या कारखान्यात कोणीच मला सांगितलं नव्हतं. मीही ते ठरवून लिहिलेलं नव्हतं. ते वरून आपोआप आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी फिटरला बघायला दवाखान्यात गेले. वाडीतली केळी घेतली होती. त्याची बायको खाटेशी बसली होती. मी कोण ते सांगितलं, यादीचं काम माझं होतं हेही सांगितलं. त्याचा आवाज बसला होता. मला वाटलं होतं तो चिडेल.

"मॅडम, मुझे इतना पता था कि अंदर एक औरत है," तो हसून म्हणाला. "नहीं थी, तो ये अच्छी बात हुई ना?"

त्याची बायको मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अच्छी बात है. पर लिस्ट में गलत लिखा किसने?"

मी तिला म्हटलं, "चूक मेरी है." ते तिला पूर्ण कळलं की नाही माहीत नाही. तिने केळी उचलून कपाटावर ठेवली.

त्याच दिवशी कारखान्यातून निरोप आला की सोमवारी बैठक आहे. गेटवरच्या कर्मचारी बाईंनी खोटी नोंद केल्याबद्दल चौकशी. आमच्याकडून तांत्रिक माहिती द्यायला कोणीतरी यावं. मी सरांना लॉग दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा त्यांनी मागितलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. असा काही लॉग असतो हे त्यांना माहीतच नाही."

सर खिडकीतून खाली बघत राहिले. खाली कोणीतरी गेटच्या जाळीला वेल्डिंग करत होतं. "हे दाखवलं तर कदाचित ते आपल्याला काढतील. दुसरे दोन कारखाने त्यांच्याच सांगण्यावरून आपल्याकडे आलेत, माहितीये ना तुला?"

"माहितीये सर. पण नाही दाखवलं तर मावशींवर जाईल."

ते खिडकीतून टेबलाशी परत आले. मग म्हणाले, "साचा मी शिकवला होता. मीही येतो."

बैठकीत मॅनेजर, सुरक्षा अधिकारी, आम्ही दोघं आणि मावशी. मावशींनी चांगली साडी नेसली होती, जशी परीक्षेला जाताना नेसतात तशी. मॅनेजरनी त्यांना विचारलं, हे नाव तुम्ही बदललंत का?

"बदललं," मावशी म्हणाल्या. "माज्या सुनेचं नाव टाकलं. दुसरा सुचला नाय."

"का?"

"साहेब, पंदरा माणसं उन्हात हुबी. मशीन नाय म्हणतं, आनि ती पोरगी म्हणतं माजा नाव हाच हाय. मी कोणाचा ऐकू? परत धाडली असती तं तिचा दिवस गेला असता."

मी कागद पुढे ठेवला आणि सहाही ओळी मोठ्याने वाचल्या. प्रत्येक संदेश माझ्याच शब्दांत होता आणि त्या खोलीत तो फार उद्धट वाटत होता. शेवटी मी सांगितलं की मावशींनी खरं नाव आधी टाकलं होतं आणि ते घ्यायला नकार दिला तो मी लिहिलेल्या तपासणीने.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे मशीनची चूक."

"मशीनला जे सांगितलं तेच त्याने केलं," सुरक्षा अधिकारी म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. "आणि मॅडम, चूक माझीही आहे. यादी कशी आली ते मी एकदाही खिडकीत येऊन पाहिलं नाही."

मावशींना ताकीद न देता सोडलं. आम्हाला काढलं नाही. पंधरा दिवसांत फॉर्म दुरुस्त करून द्या, असं लेखी सांगितलं. परत आल्यावर रिक्षातून उतरताना सर म्हणाले, "लॉग ठेवायची कल्पना चांगली होती तुझी."

या वेळी मी ऑफिसात बसून कोड लिहिलं नाही. लॅपटॉप घेऊन तीन दिवस मावशींच्या शेजारी खिडकीत बसले. पहिल्या दिवशी तर मी काहीच लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. लोक नाव कसं सांगतात. कोणी आधी गाव सांगतं आणि मग नाव. बिहारचा एक जण फक्त 'कुमार' म्हणाला आणि पुढे काय विचारल्यावर गोंधळला. दक्षिणेकडच्या एका वेल्डरच्या नावाआधी दोन अक्षरं होती आणि ती आडनावाची नव्हती, वडिलांच्या नावाची होती. जन्मतारीख विचारली की निम्मी माणसं वयच सांगायची. मावशी सगळं तोंड बघून समजून घेत होत्या.

"बग," त्या मला म्हणाल्या, "नाव इचारलं की माणूस ज्या नावाला वळून बगतो ना, तेवडा लिवायचा. बाकीचा त्याच्या कागदाव असतो."

ते वाक्य मी कोडमध्ये शेरा म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

मूळ साचा बदलला. आता कुठलाच रकाना आपोआप आवश्यक होत नव्हता. आवश्यक करायचा तर का करायचा ते मला हाताने लिहावं लागायचं. नावाचा रकाना एकच केला. कागदावरचं नाव वेगळ्या रकान्यात, असलं तर. तारखेच्या साच्याला नुसतं साल घ्यायला शिकवलं. तपासणीचे निकाल दोन प्रकारचे केले, नकार आणि शंका. तेच नाव पुन्हा आलं तर फॉर्म आता परत जात नव्हता. तो आधीच्या बाईचा फोटो दाखवून विचारायचा, 'हीच का?' नाही म्हटलं की पुढे जायचा. फोटोची मुभा काढून टाकली आणि कॅमेरा आणल्याशिवाय मी नवा फॉर्म चालू केला नाही. शेवटी एक रकाना मावशींसाठी: फॉर्म अडला आणि तरी पुढे जायचं असेल तर कारण लिहा. त्या रकान्याला कसलीही तपासणी लावली नाही. यादीच्या छापील पानावर फोटो आणि कार्डाचा क्रमांक आला, आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनी नाव घेताना क्रमांकही घ्यायचा नियम केला.

जुन्या नोंदी आम्ही एकेक करून नव्याने केल्या. त्या अकरा बायका दुपारच्या सुट्टीत आल्या. माझ्या तळहातावर जिचा क्रमांक होता ती बाई कॅमेऱ्यासमोर डोळे मोठे करून बसली. मावशींनी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं, मावशींनी ते दोन बोटांनी टाइप केलं. शंका आली, शेजारणीचा फोटो दिसला, 'हीच का?' दोघी स्क्रीनकडे बघून हसायला लागल्या. मावशींनी 'नाही' दाबलं. कार्ड आल्यावर तिने ते उलटसुलट बघितलं आणि माझ्याकडे धरलं.

"काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली, कार्ड गळ्यात घातलं आणि सुट्टी संपायच्या आत भाकरी खायला गेली.

पावसाळ्यात भाताच्या लावणीसाठी तो सगळा गट गावी गेला. दिवाळीनंतर त्यातल्या चौघी परत आल्या. ती आली नाही. दुसऱ्या मुकादमाबरोबर वापीकडे गेली असं शेजारीण म्हणाली. फिटर महिन्याभराने कामावर आला. थंडीच्या दिवसांत त्याला अजून खोकला होतो असं मावशी सांगतात. त्या आता निवृत्त झाल्या आहेत आणि सफाळ्याच्या बाजारात कधी भेटल्या तर गेटवरच्या नव्या मुलीची तक्रार करतात: ती माणसाकडे बघतच नाही, नुसती स्क्रीनकडे बघते. मी तिला एकदा भेटून यायचं कबूल केलं आहे.